पडद्यापुढची खुर्ची

(वाचक विचारतात, ताई उत्तरं देतात. ताई फोर्टमधल्या एका बँकेत कॅश काउंटरवर होत्या, राहतात परळला आणि फिल्म सोसायटीच्या जुन्या सभासद आहेत. या महिन्याचा विषय: चाकोरीबाहेरचे भारतीय चित्रपट.)

प्रश्न: ताई, मिस्टरांच्या आग्रहाखातर 'वेगळे' पिक्चर बघायला बसते. पहिली वीस मिनिटं कोणी बोलतच नाही. मला झोप लागते आणि मग आठवडाभर घरात माझी थट्टा. माझं काय चुकतं? (एक वाचक, भांडुप)

काहीही चुकत नाही. दिवसभर ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईला अंधारात बसवलं की डोळा लागणारच. एका रविवारी सगळा स्वयंपाक मिस्टरांना करू द्या, मग संध्याकाळी तोच पिक्चर लावा. बघू कोण जागं राहतं.

आता पिक्चरबद्दल. हळू चालणं हा काही गुण नव्हे आणि दोषही नव्हे. मणी कौल यांचा 'उसकी रोटी' मी आदराने पाहिला, पण पुन्हा बोलावलंत तर यायची नाही. बस ड्रायव्हरची बायको रोटी घेऊन रस्त्याच्या कडेला नवऱ्याची वाट पाहते, आणि मला तिच्यापेक्षा दिग्दर्शकच जास्त दिसत राहतो. त्याच मणी कौल यांचा १९७३चा 'दुविधा' मात्र माझा लाडका. विजयदान देथा यांची गोष्ट आणि चित्रीकरण त्यांच्याच बोरुंदा गावात. नवी नवरी घरात आणून नवरा पाच वर्षांसाठी व्यापाराला निघून जातो, आणि तिच्यावर भाळलेलं भूत त्याचं रूप घेऊन घरी येतं. व्यापार सोडून पोरगा परत आला कसा, हे सासऱ्याने विचारायला नको? पण भूत रोज सकाळी त्याच्या हातावर पाच मोहरा ठेवतं, आणि सासऱ्याची जीभ तिथेच थांबते. हेही चित्र संथच आहे, पण त्या संथपणात घरातला व्यवहार पुढे सरकत असतो. याच गोष्टीवर अमोल पालेकरांनी २००५ साली 'पहेली' केला. तुम्ही तो आधी बघा, गाणीबिणी आहेत. गोष्ट माहीत झाली की 'दुविधा'त झोप लागायची नाही.

प्रश्न: तुम्ही समीक्षक नाही, चित्रपट शिकलेल्या नाही. मग कुठल्या अधिकारात मत देता? (एक वाचक, विलेपार्ले)

तिकीट काढते त्या. आणि दुसरं, माझं आयुष्य नोटा मोजण्यात गेलं. माणूस पैसे घेताना, देताना आणि मागताना कसा दिसतो हे मला बऱ्यापैकी कळतं. पडद्यावर कोणी आलं की मी आधी बघते, याचं पोट कशावर चालतं? भाडं कोण भरतं? दिग्दर्शकाला ते ठाऊक असेल तर त्याने मला मग कुठेही न्यावं, मी जाते. ठाऊक नसेल तर कॅमेरा कितीही सुंदर फिरवा, माझा जीव रमत नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल'मध्ये शास्त्रीय संगीताची केवढी मोठी साधना चालली आहे! पण तो पोरगा जुनी ध्वनिमुद्रणं डिजिटल करून विकण्याच्या कामावर पोट भरतो, हे आधी दाखवलं आहे. म्हणून रात्री मोटारसायकलवरून जाताना त्याच्या कानात गुरूंच्या गुरूंचा आवाज घुमतो, तेव्हा मला तो खरा वाटतो. (तो आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. स्वतः एवढ्या मोठ्या दिग्दर्शक, आणि इथे नुसत्या ऐकू येतात.)

प्रश्न: आम्ही कॉलेजच्या ग्रुपने 'कोर्ट' पाहिला. कोर्टातले दिवे बंद झाले तेव्हा संपला असं वाटून अर्धे उठले, तर पुढे न्यायाधीश सहलीला! त्या शेवटाचं प्रयोजन काय? आणि केसचा निकाल का दाखवला नाही? (एक विद्यार्थिनी, माटुंगा)

बाळ, उठलेल्यांना सांग की दिग्दर्शकाने तुम्हाला उठवायचंच ठरवलं होतं. कोर्टाला सुट्टी लागते, माणसं निघून जातात, शिपाई एकेक दिवा मालवतो आणि पडदा काळा होतो. आपल्यालाही सुट्टी लागल्यासारखं वाटतं. केस तिथेच, म्हातारा शाहीर तुरुंगात, आणि आपण पर्स शोधतोय! मग दिसतात न्यायाधीश, कुटुंबकबिल्यासह रिसॉर्टवर. बाकावर डुलकी घेताना पोरं ओरडून उठवतात, तर एकाच्या कानाखाली बसते. तोच गृहस्थ कोर्टात बाईने बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून तिची केस पुढे ढकलत होता. निकाल यापेक्षा वेगळा काय दाखवणार?

पण मला विचारशील तर त्या पिक्चरचं काळीज शेवटात नाही, मधे आहे. आरोप असा की त्या शाहिराच्या, नारायण कांबळे यांच्या, गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या एका सफाई कामगाराने जीव दिला. त्याची बायको साक्षीला येते आणि सगळं सपाट आवाजात सांगते. नवरा उतरण्याआधी आत खडा टाकायचा. झुरळ बाहेर आलं तर आत हवा बरी आहे, मग उतरायचा. ही त्याची सुरक्षा साधनं! नंतर बचावाचा वकील तिला गाडीतून सोडतो आणि पैसे देऊ करतो. ती घेत नाही. काही काम असेल तर सांगा, म्हणते. मी त्या जागी हुंदका आवरला, खोटं कशाला बोलू. काउंटरवर उभ्या अशा कितीतरी बायका आठवल्या, ज्यांना अंगठा कुठे उठवायचा ते दाखवावं लागायचं, पण नोटा त्या स्वतः मोजून घ्यायच्या.

आणखी एक बघ. सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी लोकलने घरी जातात, मुलाला घेतात, स्वयंपाक करतात, मग घरचे सगळे मिळून नाटकाला जातात, आणि त्या नाटकात परप्रांतीयाला हाकलण्यावर हशा पिकतो. बाई वाईट नाहीत. आपल्याच डब्यात बसलेल्या असतात त्या. बचावाचा वकील मात्र मॉलमध्ये वाइन आणि चीज घेतो आणि त्याची बाजू न्यायाची असते. कोण आपलं आणि कोण बरोबर, याची सोयीस्कर जोडी पिक्चर लावून देत नाही. म्हणून तो तुमच्या ग्रुपला अवघड गेला, दिव्यांमुळे नव्हे.

आणि हो, नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार हे व्यवसायाने नट नव्हते, ते चळवळीतले कार्यकर्ते. २०२१ साली गेले. पिक्चरला व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात बक्षीस मिळालं, मग राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, आणि एप्रिल २०१५मध्ये थिएटरात लागला. नेमका त्याच महिन्यात मल्टिप्लेक्समध्ये मराठी पिक्चरला प्राइम टाइम द्यावा की नाही यावर राज्यभर भांडण चाललं होतं.

प्रश्न: माझे वडील गिरणीत होते. ते म्हणतात, हे लोक आपली गरिबी परदेशात नेऊन विकतात आणि बक्षिसं आणतात. मलाही तसंच वाटू लागलंय. (एक वाचक, लालबाग)

वडिलांना माझा नमस्कार सांगा. हा आक्षेप जुना आहे. नर्गिस दत्त राज्यसभेत होत्या तेव्हा त्यांनी सत्यजित राय यांच्यावर हाच ठपका ठेवला होता. 'मदर इंडिया'तलं घर काही मलबार हिलवर नव्हतं, पण ते असो.

वडिलांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. असे पिक्चर असतात. चाळीचा जिना दिसतो, वाळत घातलेले कपडे दिसतात, एक पोर दूर कुठेतरी बघत असतं, आणि या घरात महिन्याला किती येतात आणि किती जातात याचा पत्ता नसतो. त्यांच्यावर माझंही तिकीट वाया गेलं आहे.

पण त्यांना घेऊन पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' बघाच. २०२४ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्याला ग्रां प्री, म्हणजे तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस मिळालं. तिथल्या मुख्य स्पर्धेत भारतीय पिक्चर १९९४च्या 'स्वाहम्'नंतर थेट तेव्हाच पोचला. पण बक्षीस बाजूला ठेवा. तीन बायका आहेत, दोघी मल्याळी नर्स आणि तिसरी त्याच हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी पार्वती. धाकटी नर्स थोरलीला म्हणते, या महिन्याचं माझं भाडं तू भरतेस का? झालं, माझी परीक्षा तिथेच पास. पार्वतीचा नवरा गेलेला, ती वर्षानुवर्षं त्या खोलीत राहिलेली, पण खोलीचे कागद तिच्या नावाने नाहीत, आणि बिल्डर दारात. लालबाग-परळमध्ये हे कोणाला समजावून सांगायला नको. कागद नाही तर माणूस नाही. शेवटी ती बोचकी बांधून कोकणात गावी जाते, पण त्याआधी रात्री मैत्रिणीबरोबर बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर दगड मारते.

ती पार्वती म्हणजे छाया कदम. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त त्या जब्याची आई होत्या. तिथे पोरगा शेवटी दगड उचलून थेट आपल्या दिशेने भिरकावतो. इथे आई स्वतः मारते आणि वर हसते. गरिबी विकायला ठेवलेली माणसं अशी हसत नाहीत. त्या जब्याने जीन्ससाठी सायकलवर पेप्सीकोले विकून पैसे साठवले होते, तेही वडिलांना आठवून द्या. पुढच्या महिन्यात त्यांचं मत कळवा. पटलं नाही तरी छापू.

प्रश्न: 'ओम दर-ब-दर' समजावून सांगाल का? (एक वाचक, मालाड)

नाही. कमल स्वरूप यांनी १९८८मध्ये तो केला, थिएटरात लागायला २०१४ उजाडलं. पुष्कर आहे, ज्योतिषी बाप आहे, बेडूक आहेत. दोनदा हसलात तरी पैसे वसूल. समजला म्हणणाऱ्यापासून लांब बसा.

प्रश्न: सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. सिरीयलला कंटाळल्या आहेत. असा सिनेमा त्यांना कुठून सुरू करून द्यावा? (एक वाचक, बोरिवली)

'भुवन शोम'पासून. १९६९, मृणाल सेन. उत्पल दत्त रेल्वेतले खडूस साहेब आहेत, शिस्तीपायी पोटच्या मुलालाही कामावरून काढलेले. पक्ष्यांच्या शिकारीला म्हणून सौराष्ट्रात जातात आणि सुहासिनी मुळे यांनी केलेली गावातली पोरगी त्यांची छान फजिती करते. तिचा होणारा नवरा नेमका लाच खाणारा तिकीट कलेक्टर, आणि त्याच्यावर कारवाई करायला निघालेले हेच साहेब. शेवटी साहेब विरघळतात आणि त्याची बदली मोठ्या स्टेशनवर करतात. मोठं स्टेशन म्हणजे वरकमाईही मोठी! सासूबाई हे लगेच पकडतील, आमच्या फिल्म सोसायटीतले काही विद्वान तेवढे निसर्गसौंदर्यावर बोलत बसले होते. अधूनमधून ऐकू येणारं निवेदन अमिताभ बच्चन यांचं आहे, तेव्हा त्यांना कोणी ओळखत नव्हतं.

मग 'मंथन' दाखवा. गुजरातच्या ५ लाख शेतकऱ्यांनी माणशी २ रुपये घालून केलेला पिक्चर, म्हणजे १० लाख. माझ्यासारखीला हा आकडाच एक कथा वाटते. त्याची नवी प्रत मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने तयार करवून घेतली, ती २०२४ला कानमध्ये दाखवली आणि लगेच जूनमध्ये आपल्याकडे थिएटरांतही आली. रंग असे खुलले आहेत की म्हशीच्या पाठीवरचा चिखल ओला दिसतो. स्मिता पाटील आहेतच.

हसायचं असेल तर 'जाने भी दो यारो' आणि 'वळू'. घराच्या रिडेव्हलपमेंटवरून सोसायटीत भांडण चालू असेल तर 'मोहन जोशी हाज़िर हो' इतक्यात लावू नका. भीष्म साहनी आणि दीना पाठक हे म्हातारं जोडपं चाळीच्या दुरुस्तीसाठी मालकावर केस करतं आणि वकीलच त्यांना चघळून खातात. सासूबाईंना रात्री झोप यायची नाही.

प्रश्न: ताई, हे फक्त तुमच्याशी. मला मुली आवडत नाहीत हे आईला अजून सांगितलेलं नाही. 'साबर बोंडं' तिच्याबरोबर पाहू का? तिला कळेल? (एक वाचक, घाटकोपर)

बघ. पण पिक्चर तुझ्या वतीने बोलेल अशी आशा ठेवू नकोस, ते काम तुझंच राहील.

रोहन कानवडे यांच्या या पिक्चरला २०२५ला अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात परदेशी कथापटांच्या स्पर्धेतलं सर्वोच्च ज्युरी बक्षीस मिळालं. मराठीला हा मान पहिल्यांदाच. वडील गेल्यावर आनंद मुंबईहून दहा दिवसांसाठी गावी जातो. नातेवाइकांचा एकच धोशा, लग्न कधी? तिथे लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो, त्याच्यामागेही तेच लागलेलं. आनंदच्या आईला मुलाचं सगळं ठाऊक आहे. ती भाषण देत नाही, नातेवाइकांना तोंड देताना मुलाच्या बाजूला राहते, बस. तुझ्या आईने पाहायची गोष्ट असली तर ती ही आई आहे. तिच्याबद्दल आई काय बोलते तेवढं ऐक. बोललीच नाही तरी घाई करू नकोस.

घरीच बघा. थिएटरात शेजारी कोण हसेल सांगता येत नाही. शिवाय घरी मधेच थांबवून चहा टाकता येतो, आणि आईला काही विचारायचं असेल तर ती बहुतेक तेव्हाच विचारेल.