एक्रुटीकमध्ये जिम सोडून बघण्यासारखं काय आहे?

तुम्ही विचारलंय की पोकेमॉन हार्टगोल्ड या खेळात एक्रुटीक शहराला पोचलो, जिमचा (लढतीच्या आखाड्याचा) प्रमुख मॉर्टी याला हरवून फॉग बॅज (विजयाचं पदक) घेतला, सर्फ (पाण्यावरून जाण्याची चाल) मिळालं, जळका टॉवरही पाहून झाला; मग जुने खेळाडू या शहराचं एवढं कौतुक का करतात? बेल टॉवरमध्ये वर जाऊ देत नाहीत, तिथे पुन्हा यावं लागतं का? आणि हे शहर क्योतोवरून घेतलंय म्हणतात ते खरं का?

परत यावं लागतं. क्योतोही खरंच. आणि कौतुकाचं कारण माझ्या मते एकच आहे: पोकेमॉनमधल्या बहुतेक गावांना भूतकाळ नसतो, एक्रुटीकला आहे. बाकीच्या ठिकाणी एक जिम, एक दुकान, एक पोकेमॉन सेंटर आणि शोभेला एखादी मोठी इमारत एवढ्यावर भागतं. गोल्डनरॉडचा रेडिओ टॉवर केवढा दिमाखदार आहे, पण तो काल बांधला की पन्नास वर्षांपूर्वी, याने कथेत तसूभरही फरक पडत नाही. एक्रुटीकमध्ये तुम्ही शिरता तेच मुळी एका जुन्या प्रकरणात, आणि ते प्रकरण अजून मिटलेलं नाही. (इथून पुढे कथा फुटणार आहे. तुम्हीच विचारलंत, त्यामुळे बोल लावू नका.)

प्रकरण असं. शहराच्या उत्तरेला दोन उंच टॉवर होते, पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक. पश्चिमेचा ब्रास टॉवर (आजचा जळका टॉवर) लुगियाचा, पूर्वेचा हो-ओहचा; दोघेही दंतकथेतले पोकेमॉन. तुम्ही ज्याला बेल टॉवर म्हणता तो १९९९ सालच्या मूळ गोल्ड-सिल्व्हरच्या (हार्टगोल्ड हा त्यातल्या गोल्डचा रिमेक) इंग्रजी आवृत्तीत टिन टॉवर होता, जुन्या खेळाडूंच्या तोंडी अजून तेच नाव आहे. दीडशे वर्षांपूर्वी ब्रास टॉवरवर वीज पडली, आग भडकली, आणि शेवटी पावसाने ती विझवली. लुगिया समुद्राकडे निघून गेला. आत अडकलेले तीन पोकेमॉन जळून मेले, हो-ओहने त्यांना पुन्हा जिवंत केलं, आणि मग तोही उडून गेला.

आता त्या तिघांकडे नीट बघा. रायकू म्हणजे वीज, एंटेई म्हणजे आग, स्विकून म्हणजे पाऊस. एका दुर्घटनेची सुरुवात, मध्य आणि शेवट असे तीन प्राणी होऊन खेळातल्या जोहतो प्रदेशभर धावताहेत. दंतकथेतल्या पोकेमॉनला कुठून तरी गूढ उगम चिकटवायचा हा प्रकार पुढच्या खेळांमध्ये उदंड झाला, पण इतका नेमका उगम मला दुसऱ्या कुणाचा आठवत नाही. बहुतेक ठिकाणी थेट विश्वाच्या निर्मितीपासून सुरुवात होते. इथे सगळं एका गावातल्या तीन दिवसांच्या आगीत आटोपतं. 

मेलेले ते तीन पोकेमॉन कोणते, हेही खेळ सांगत नाही. चाहत्यांनी त्यावर एक तर्क लढवलाय: जोल्टिऑन, फ्लेरिऑन आणि व्हेपोरिऑन, म्हणजे ईव्ही या पोकेमॉनची तीन उत्क्रांत रूपं. वीज, आग, पाणी जुळतं, आणि याच शहरातल्या किमोनो गर्ल्सकडे (नाट्यगृहातल्या पाच नर्तकींकडे) ईव्हीचीच उत्क्रांत रूपं आहेत, हेही जुळतं. तर्क डोकेबाज आहे, पण मला तो नको वाटतो. कोण होते ते कुणालाच माहीत नाही, नाव नसलेले तीन जीव होते, यात जी चुटपुट आहे ती उत्तर मिळालं की निघून जाते.

तुम्हाला वर सोडत नाहीत ती गोष्ट मला या शहराच्या रचनेतली सगळ्यात हुशार वाटते. धड टॉवर बंद आहे आणि मोडका उघडा आहे. कुठल्याही खेळात पडझड झालेली वास्तू सहसा शेवटी येते, अवघड गुहा म्हणून. इथे उलट. आधी तुम्हाला नुकसान दाखवतात, आणि जे शाबूत राहिलंय ते बघायला बरेच बॅज गोळा करून, सगळं जोहतो पालथं घालून परत यायला लावतात. भिक्षू वाट अडवतात ते वरवर पाहता नेहमीच्या ‘पुढे रस्ता बंद’ छापाचं आहे, पण त्यांच्याकडे कारण आहे. एक टॉवर गमावलेलं गाव दुसऱ्यात येईल त्याला चढू देईल का?

जळका टॉवर तुम्ही ‘पाहून झाला’ म्हणता. पुन्हा एकदा जाऊन या, या खेपेला घाई न करता. आत शिरल्याबरोबर प्रतिस्पर्धी लढाईला उभा राहतो, त्यामुळे पहिल्या वेळी कुणाचंच आजूबाजूला लक्ष जात नाही. जमिनीच्या फळ्या जागोजागी गेलेल्या आहेत, खालचं तळघर वरून दिसतं. गवतात भेटावेत तसे इथे कॉफिंग भेटतात, आणि तळघरात कधीतरी मॅग्मार. एक धुराचा, एक आगीचा. दीडशे वर्षांपूर्वी विझलेल्या आगीच्या जागी नेमके हेच दोघे राहायला यावेत, हे काही पासे टाकून ठरलेलं नाही. संवादाची एक ओळही न लिहिता त्या जागेत अजून काय धुमसतंय ते सांगून टाकलंय.

तळघरात ते तिघे उभे असतात. तुम्ही जवळ गेलात की रायकू आणि एंटेई झेप घेऊन पसार होतात, स्विकून मात्र क्षणभर तुमच्यासमोर थांबतो आणि मग जातो. या थांबण्यामागे इतिहास आहे. मूळ गोल्ड-सिल्व्हरमध्ये तिघेही सारखेच पळून जात. २००० सालच्या क्रिस्टल या तिसऱ्या आवृत्तीत स्विकूनला कथेच्या मध्यभागी आणलं, त्याच्यामागे वेड्यासारखा हिंडणारा युसीन नावाचा माणूस घातला, आणि हार्टगोल्ड-सोलसिल्व्हरने २००९ मध्ये ते सगळं उचलून घेतलं. म्हणून तुमच्या खेळात रायकू-एंटेई नकाशावर भटकत राहतील आणि स्विकून ठरावीक ठिकाणी तुम्हाला दर्शन देत देत पुढे सरकेल.

युसीन आणि मॉर्टी ही जोडगोळी मला फार आवडते. एकाचा ध्यास स्विकून, दुसऱ्याचा हो-ओह. मॉर्टीने तर हो-ओह आपल्यासमोर प्रकट व्हावा म्हणून उभं आयुष्य साधनेत घातलंय. आणि ते भाग्य मिळतं कुणाला, तर कालपरवा गावात आलेल्या एका पोराला. या मालिकेत जिमचे प्रमुख हरले की बॅज देतात, दोन शब्द कौतुकाचे बोलतात आणि विसरले जातात. मॉर्टीच्या हरण्यात बॅजहून मोठं काहीतरी जातं. त्याच्या जिमबद्दल वेगळं लिहीत नाही, अदृश्य वाटेवरून चुकून पाय घसरला की परत दारात, आणि पुढ्यात झोपवणारी हिप्नोसिस चाल मारणारा गेंगार. तुम्ही त्यातून पार पडलाच आहात.

किमोनो गर्ल्सचं नाट्यगृह हे या शहरातलं दुसरं ठिकाण, जे तुम्ही बहुधा ‘सर्फ मिळण्याची जागा’ म्हणून पाहिलंत. टीम रॉकेट या गुन्हेगारी टोळीचा एक गुंड त्रास देत होता, त्याला पळवला, सर्फ घेतलं, बाहेर. मूळ खेळात तर तेवढंही नव्हतं. पाच जणींशी एकेक करून लढा, पाचही हरल्या की तिथला गृहस्थ सर्फ देणार, संपला विषय. नव्या आवृत्तीने मात्र या पाच जणींना सबंध कथेत पेरलंय. आयलेक्सच्या जंगलात वाट चुकलेली एक भेटली होती ना? ती यातलीच. पुढे आइस पाथमध्ये बर्फाला पाय चिकटून बसलेली आणखी एक भेटेल, तिला मागून हलकेच ढकलायचं आहे. प्रत्येक वेळी वाटतं की उगाच विनोदापुरता प्रसंग टाकलाय. तसं नाही. त्या तुमच्यावर नजर ठेवून आहेत. हो-ओहला परत बोलावण्याचं काम पिढ्यान्पिढ्या त्यांच्याकडे आहे आणि त्यासाठी योग्य माणूस त्या शोधताहेत. रिमेक म्हणजे जुनंच चित्र रंगवून परत विकणं, असा माझा एरवीचा ग्रह आहे, पण हा एक धागा मूळ खेळापेक्षा सरस जमलाय, हे मान्य करायला हवं.

आता क्योतो. जोहतो प्रदेश जपानच्या कान्साई भागावर बेतलेला आहे. गोल्डनरॉड म्हणजे ओसाका, एक्रुटीक म्हणजे क्योतो. ७९४ साली राजधानी झालेलं आणि हजारावर वर्षं सम्राटांचं राहिलेलं शहर. दोन टॉवरचं मूळ म्हणून लोक किंकाकुजी आणि गिंकाकुजी, म्हणजे सुवर्णमंडप आणि रजतमंडप, यांच्याकडे बोट दाखवतात. गोल्ड आणि सिल्व्हर ही खेळांची नावं पाहता ते सोयीचंही आहे. सुवर्णमंडपाच्या शिखरावर पंख पसरलेला फिनिक्स आहे, आणि हो-ओह हा तोच पक्षी. १९५० मध्ये एका तरुण भिक्षूने हा मंडप पेटवून दिला, १९५५ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. शिखरावरचा जुना फिनिक्स आधीच खाली काढून ठेवलेला होता म्हणून त्या आगीतून वाचला.

पण मला विचाराल तर ब्रास टॉवरचा खरा पूर्वज शोधायला मंडपांकडे जाऊ नये, क्योतोच्या पॅगोड्यांकडे जावं. तीन मजली मंडपाचा आणि या उंच टॉवरचा आकार मुळात जुळत नाही. आणि वीज पडून पॅगोडा जळणं ही त्या शहरात जवळपास नेहमीची गोष्ट होती. तोजी मंदिराचा पाच मजली पॅगोडा, सुमारे ५५ मीटर उंच, चारदा जळला. आज दिसतो तो १६४४ सालचा आहे. होश्शोजी मंदिराचा पॅगोडा अकराव्या शतकातला. त्याचे मजले किती, तर नऊ. आता बेल टॉवरमध्ये वर चढाल तेव्हा मजले मोजा. तो होश्शोजीचा पॅगोडाही विजेच्या माऱ्यात सापडत राहिला आणि चौदाव्या शतकात आगीत कायमचा गेला. शोकोकुजीचा तर याहून वाईट नशिबाचा: १३९९ मध्ये माजी शोगुन (लष्करी शासक) योशिमित्सूने शंभर मीटरच्या वर उंच, सात मजली उभारला आणि १४०३ मध्ये वीज पडून तो खाक झाला. लाकडाची एवढी उंच इमारत, टोकाला धातूचा कळस आणि विजेपासून संरक्षण काहीच नाही, मग दुसरं काय होणार? खेळातली दंतकथा लिहिणाऱ्यांना फार कल्पना लढवावी लागली नसेल.

एक फरक मात्र मोठा. खरे जपानी पॅगोडे सहसा चढण्यासाठी नसतात, मधला खांब आणि भोवतीचं लाकूडकाम यातच जागा संपते. तो मधला खांब तुम्ही व्हायोलेट सिटीच्या स्प्राउट टॉवरमध्ये डोलताना पाहिलाय. बेल टॉवरमध्ये तुम्ही थेट गच्चीपर्यंत जाता. खेळ आहे, चालायचंच.

नाट्यगृह गिऑन भागातल्या नृत्यपरंपरेवरून आलंय. तिथल्या माइको (शिकाऊ) आणि गेइको (कसलेल्या) नर्तकी १८७२ पासून, काही खंड वगळता, दर वसंतात मियाको ओदोरी हा नृत्यसोहळा करत आल्या आहेत. बेल टॉवरकडे जाणाऱ्या बेलचाइम ट्रेलवर झाडं कायम लाल-केशरी असतात, खेळात बारा महिने शरद ऋतू. क्योतोला लोक नोव्हेंबरात जे रंग बघायला गर्दी करतात ते इथे फुकट, आणि रांग न लावता.

तर तुमच्या पुढच्या वाटचालीविषयी. गोल्डनरॉडच्या रेडिओ टॉवरवर टीम रॉकेट कब्जा करेल, ते प्रकरण निस्तरलं की संचालक रेनबो विंग (हो-ओहचं पीस) देतील. आठवा बॅज घेतल्यानंतर प्रोफेसर एल्मकडे जाणं होईल, तिथून एक्रुटीकच्या नाट्यगृहात. पाचही किमोनो गर्ल्स एकापाठोपाठ एक लढतात, मध्ये पोकेमॉन बरे करायला सेंटरला जायला सवड नाही, त्यामुळे औषधं भरून घ्या आणि एकाच पोकेमॉनच्या जिवावर जाऊ नका. पाच जणींचे पाच वेगळे प्रकार आहेत. जिंकलात की क्लिअर बेल (हो-ओहला बोलावणारी घंटा) मिळेल, मग वाट अडवणारं कुणी नाही. गच्चीवर पोचल्यावर त्यांचं नृत्य सुरू होईल तेव्हा बटणं दाबून ते उरकण्याची घाई करू नका. हो-ओह तुमच्या आवृत्तीत लेव्हल ४५ चा येतो. त्याच्याआधी सेव्ह करा. एल्मने दिलेला मास्टर बॉल (पोकेमॉन पकडायचा, कधीच न चुकणारा चेंडू) त्याच्यावर वाया घालवू नका, तो पळून जाणार नाही. साध्या अल्ट्रा बॉलने, थोडा दम धरून, होतं. मास्टर बॉल रायकू किंवा एंटेईसाठी ठेवा, ते दोघे समोर आले की पहिल्याच संधीला धूम ठोकतात.