घाम तुझा, वास शर्टाचा

चि. बाळ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा ठाणे स्टेशनहून आपण एकाच शेअर रिक्षात बसलो, तेव्हाच बोलणार होतो. पण शेजारी अनोळखी माणूस होता, आणि असलं बोलणं तिसऱ्यासमोर करायचं नसतं. फोनवर सांगितलं असतं तर ‘हो काका, हो काका’ म्हणून तू मोकळा झाला असतास. म्हणून पत्र. वाच, आणि मग फाडून टाकलंस तरी चालेल.

तुझ्या शर्टाला वास येतो.

आता लगेच काख हुंगू नकोस, काही कळायचं नाही. नाकाची ती खोडच आहे. एकच वास सतत येत राहिला की थोड्या वेळाने ते त्याची दखल घेणं सोडून देतं. मासळीबाजारात शिरताना वास येतो, कोळणीशी घासाघीस करेपर्यंत तो गेलेला असतो. स्वतःच्या वासाचं तर कायमच तसं. घरी असतास तर आईने सांगितलं असतं. खोलीवर तुम्ही पाच जण, आणि पाचांच्याही नाकांना त्याच वासाची सवय झालेली.

मला एका कंपाउंडरने सांगितलं, तेही तोंडातून अवाक्षर न काढता. 1991 सालची गोष्ट. आज तू करतोस तीच एमआरची, म्हणजे डॉक्टरांना कंपनीची औषधं सांगत फिरायची नोकरी, तिला जेमतेम तीन महिने झाले होते. एक्स-स्टेशनला, म्हणजे जाऊन त्याच दिवशी परत यायच्या अशा एका तालुक्याच्या गावी गेलो होतो. दवाखान्याबाहेर पाटी : ‘चपला, बूट बाहेर काढावेत.’ मुंबईत तुला हे क्वचित भेटेल, गावाकडे अजून आहे. पहाटेच्या एस्टीने निघालो होतो, पायात नायलॉनचे मोजे, आणि तेही कालचेच. बूट काढून बाकावर बसलो. पाचेक मिनिटांनी कंपाउंडर उठला आणि त्याने कोपऱ्यातल्या गणपतीपुढे उदबत्ती लावली. म्हटलं, भाविक दिसतोय. मग त्याने दुसरी पेटवली आणि ती माझ्याच बाकाच्या फटीत खोचली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आत गेल्यावर डॉक्टरांना तीन प्रॉडक्ट मी एका दमात सांगून टाकले आणि पळालो. पुढचे दोन महिने त्या गावाला गेलोच नाही. त्या दिवसांच्या कॉल रिपोर्टमध्ये, म्हणजे कुठल्या डॉक्टरांना भेटलो त्या नोंदीत, काय लिहिलं ते विचारू नकोस.

तुझ्यासाठी कुणी उदबत्ती लावायच्या आत हे पत्र पोचावं, एवढीच इच्छा.

एक गोष्ट आधीच सांगतो. घामाची लाज बाळगायची नाही. सामान वाहणाऱ्या हमालाच्या घामाला कुणी नाक मुरडत असेल तर ते नाकच तपासायला हवं. खोली शोधताना ‘मासे-सुकट खाता का?’ असं विचारणारे घरमालक तुलाही भेटलेच असतील. वासाच्या नावाखाली माणसाची जातपात हुंगणारे पुष्कळ असतात. मी बोलतोय ते त्याबद्दल नाही. तू दिवसभर उन्हातान्हात फिरतोस, घाम येणारच. प्रश्न त्या घामाचं पुढे काय होतं हा आहे.

आपल्या अंगावर 20 ते 40 लाख घर्मग्रंथी असतात. त्यांतल्या बहुतेकांचा घाम म्हणजे नुसतं खारट पाणी. काखेत आणि जांघेत मात्र वेगळ्या ग्रंथी असतात. त्या वयात आल्यावर जाग्या होतात आणि त्यांच्या घामात प्रथिनं, स्निग्ध पदार्थ असं बरंच काही असतं. तरी बाहेर पडताना त्यालाही फारसा वास नसतो. कातडीवरचे जिवाणू त्याच्यावर ताव मारतात आणि मग तो कांद्यासारखा दर्प सुटतो. म्हणजे ओल हवी, जिवाणू हवेत आणि त्यांना वेळ हवा. घाम तू बंद करू शकत नाहीस, जिवाणू कधीच पूर्ण जात नाहीत. हातात राहते ती ओल. मी तीसेक वर्षं बॅग घेऊन फिरलो, त्यातून मला कळलं ते एवढंच, की लोक अंग धुतात भरपूर आणि सुकवतात कमी.

तुझं सगळं दुखणं शर्टात आहे. परवा जो वास आला तो ताज्या घामाचा नव्हता. तो कुबट होता, कोंदट खोलीत दोरीवर दोन दिवस लोंबकळलेल्या कपड्याला येतो तसा. डोंबिवलीच्या पावसात कपडे वाळत नाहीत, मान्य. पण कपडा जितका वेळ ओला राहील तितके त्यात जिवाणू वाढतात. धुतलेला असला तरी वाढतात. आणि यात एक फसवी गोष्ट आहे : सकाळी गार शर्ट हुंगलास तर काही वाटत नाही. तो अंगावर चढला, अंगाची ऊब लागली, की वास जागा होतो. लोकलमध्ये कडी धरायला हात वर केलास की आजूबाजूच्या दहा जणांना कळतं. म्हणून तपासायचं कसं ते सांगतो. शर्टाच्या काखेवरून गरम इस्त्री फिरव आणि लगेच नाक लाव. वाफेबरोबर आंबूस काही आलं, तर तो शर्ट दाराबाहेर न्यायचा नाही, पुन्हा बादलीत.

धुताना शर्ट उलटा कर. मळ आणि घाम आतल्या बाजूला असतो आणि आपण घासतो बाहेरची कॉलर. काखेच्या शिवणीला साबणाची वडी लावून अर्धा तास ठेव, मग घास. पावडर दुप्पट टाकून काही होत नाही, उलट ती धाग्यात राहते आणि कपडा चिकट होतो. पिळून झाला की हँगरवर लाव, दोन हँगरमध्ये वीतभर अंतर, आणि खाली पंखा. पाच जणांचे कपडे एका दोरीवर एकमेकांच्या अंगावर टाकलेत तर बुरशीला आमंत्रणच. शक्यतो सुती शर्ट घे. टेरिकॉटला इस्त्री छान राहते, एरिया मॅनेजरही खूश होतो, पण त्यातल्या पॉलिएस्टरच्या धाग्यात वास असा काही मुरतो की धुऊनही जात नाही. माझा एक निळा शर्ट होता, बायकोने शेवटी त्याची फडकी केली. त्या फडक्यांनासुद्धा वास यायचा.

आणि तो सँडो बनियन सोड. त्याला काखच नसते, मग तो टिपणार काय? बाह्यांचा सुती बनियन घे, सहा घे, रोज बदल. शर्टाच्या आधी घाम त्यात जिरतो.

टाय, घड्याळाचा पट्टा, आयकार्डची दोरी, बॅगेचा खांद्यावरचा पट्टा : या वस्तू माणूस कधीच धूत नाही. एकदा घड्याळ काढून पट्टा हुंग. जास्त सांगत नाही.

आंघोळीचं मोठं शास्त्र नाही. तुमच्याकडे पाणी सकाळी तासभर येतं, म्हणजे वाट्याला एक बादली. पुरते. सगळं अंग घासत बसू नकोस, साबण काख, जांघ, पाय आणि कानामागे नीट लागला म्हणजे झालं. खरं काम पुढे आहे. अंग कोरडं कर, म्हणजे खरंच कोरडं. पायाच्या बोटांच्या बेचक्या, जांघा, काखा. तू ट्रेन गाठायच्या घाईत ओल्या अंगावर बनियन चढवतोस, हे मी न बघता सांगतो, कारण मीही तेच करायचो. त्यावर पावडर टाकलीस तर तिची कणीक मळली जाते, बाकी काही नाही. जाडजूड टर्किश टॉवेल तुमच्या खोलीत वाळणं शक्य नाही, तो संध्याकाळपर्यंत दमटच राहतो आणि दुसऱ्या दिवशी तोच तू अंगाला पुसतोस. पंचा वापर. तासा-दोन तासांत खडखडीत वाळतो. आणि आपला पंचा आपलाच.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाच. खोलीतल्या एकाला गजकर्ण, म्हणजे कातडीवरची बुरशी, झालं की पंचे, टॉवेल, चड्ड्या यांतून ते सगळ्यांना होतं. जांघेत गोल, कडेने लाल चट्टा उठला, खाज आली, तर लाजेने कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ट्यूब आणायची नाही. आपल्याच धंद्यातली गोष्ट आहे म्हणून स्पष्ट सांगतो. बुरशीच्या औषधात क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोनसारखं स्टिरॉइड मिसळलेली मलमं वर्षानुवर्षं खपली. दोन दिवसांत खाज थांबते म्हणून लोक खूश, पण स्टिरॉइडने तिथली प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. मग ती नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. 2018 साली सरकारने असली स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असा नियम केला, पण काउंटरवर काय चालतं ते तू रोज बघतोस. सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. ओळखीचे आहेतच, फक्त सॅम्पल मागू नकोस, तपासून घे.

आता तो स्प्रे. परवा कुबट शर्टावर तू जो फवारा मारला होतास, त्याने दोन वास झाले आणि दोन्ही ओळखू येत होते. बहुतेक बॉडी स्प्रे म्हणजे अल्कोहोल आणि सुगंध. घामावर त्यांचा काही जोर चालत नाही. घाम कमी करायचा असेल तर डबीवर ‘अँटिपर्स्पिरंट’ लिहिलेलं रोल-ऑन घे. त्यात अॅल्युमिनियमचे क्षार असतात, ते घामाच्या नळीच्या तोंडाशी बूच बसवतात. ते लावायचं रात्री, झोपताना, कोरड्या काखेत. रात्री घाम कमी असतो म्हणून बूच नीट बसतं. सकाळी आंघोळीनंतर घाईघाईत लावलेलं अर्धं शर्टालाच लागतं. पैसे नसतील तर तुरटी. न्हाव्याकडे असते तीच. आंघोळीनंतर ओल्या काखेत खडा फिरवायचा, वाळू द्यायचं, मग बनियन. फक्त त्याच दिवशी काख भादरली असेल तर फिरवू नकोस, आई आठवेल.

अत्तर लावू नको असं नाही. दिवाळीत उटण्याच्या नागरमोथा-कचोऱ्याचा वास आला की मलाही आपण कुणीतरी आहोत असं वाटतं. पण तू छातीच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये दमेकऱ्यांशेजारी बसणार. तिथे उग्र सेंटने एखाद्याला उबळ आली तर तुझा कॉल तिथेच संपला.

दुपारी तीनच्या सुमाराला, दुसऱ्या फेरीच्या आधी, कुठल्यातरी बाथरूममध्ये शिरून ओल्या रुमालाने काखा पूस आणि कोरड्याने टीप. दोन मिनिटं लागतात. त्यासाठी रुमाल तीन : तिसरा तोंडासाठी, आणि त्यांची अदलाबदल नको.

बुटांचे दोन जोड हवेत. ही चैन नाही. चामड्याच्या बुटात दिवसभरात मुरलेली ओल एका रात्रीत जात नाही, म्हणून एक जोड आज, दुसरा उद्या. भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंब, आणि दोन-तीन तासांनी बोळे बदल. मोजे सुती, रोजचे धुतलेले. पावसात बॅगेत एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत. तळव्याला बारीक खळगे पडले असतील आणि धुऊनही वास जात नसेल, तर तो आजार आहे. औषधाने बरा होतो, अत्तराने नाही.

तोंडाचं थोडक्यात. दात तू घासतोस, जीभ घासत नाहीस. मागची बाजू घास, वास तिथे असतो. रिकाम्यापोटी चहावर चहा ढोसून तोंड सुकतं, मग श्वास जड होतो, पाणी पी. वडापावची लसणीची चटणी संध्याकाळी खा, कॉलच्या आधी नाही. लसणाचा वास रक्तातून फुप्फुसात येतो, त्याला चुईंगम काय करणार.

हो, उशीचा अभ्रा! डोक्याला लावलेलं खोबरेल त्यावर खवट होतं आणि रात्रभर गाल त्याच्यावर. आठवड्याला धू.

एवढं सगळं करूनही घाम निथळतच राहिला, तळहात टपकत राहिले, किंवा रात्री झोपेत कपडे भिजायला लागले, वजन उतरायला लागलं, तर मला फोन कर. मग आपण डॉक्टरकडे जाऊ, बॅग न घेता.

रविवारी शेजारचा मुलगा डोंबिवलीला येतोय, त्याच्याबरोबर एक पिशवी पाठवतो. तुरटीचा मोठा खडा आहे आणि दोन पंचे. पंचे वापरायच्या आधी दोनदा धुऊन घे. कोरे आहेत, खळ गेल्याशिवाय पाणी टिपत नाहीत.

तुझा,
काका