नव्या गाडीची चमक कर्जात घालू नका

इंदूरच्या सुदामा नगरातून एका शिक्षिकेने लिहिलं आहे: नवी गाडी 15 दिवसांत हातात येईल. 5 वर्षांसाठी 9.5 टक्क्यांनी 8 लाखांचं कर्ज घेतोय. शोरूमवाले 32,000 रुपयांचं सिरॅमिक कोटिंग सुचवतात आणि ‘कर्जातच धरू, हप्ता जेमतेम पावणेसातशेने वाढेल’ म्हणतात. मिस्टरांना गाडी घरीच धुवायची आहे. प्रेशर वॉशर, व्हॅक्यूम, पॉलिशचं मशीन अशी 27,500 ची यादी त्यांनी काढली आहे, तीही नो-कॉस्ट ईएमआयवर. सध्या जुनी गाडी पुसणाऱ्या मुलाला महिन्याला 600 आणि एका फोम वॉशला 500 जातात. घरखर्च 45,000 आणि बँकेत एफडी 1,20,000. काय करावं?

ताई, कोटिंग घेऊ नका आणि यादीतली मशीन्सही आत्ता घेऊ नका. गाडी घरी धुण्याचा मिस्टरांचा विचार मात्र मला मनापासून पटला.

आधी कोटिंग, म्हणजे गाडीच्या रंगावर चढवायचा संरक्षक थर. 32,000 रुपये 9.5 टक्क्यांनी 5 वर्षांच्या कर्जात घातले की महिन्याला 672 रुपये पडतात आणि फेडून होईपर्यंत सुमारे 40,300 जातात. सेल्समनने हप्ता बरोबर सांगितला, एकूण रक्कम सांगितली नाही. शिवाय अशा पॅकेजच्या वॉरंटीला बहुतेक वेळा अट असते की दरवर्षी त्यांच्याकडेच पैसे भरून मेंटेनन्स करून घ्यायचा. वॉरंटीचा कागद मागा आणि ते कलम स्वतः वाचा. वर्षाला 3,500 धरले तरी 18 टक्के जीएसटीसह 4,130 होतात.

आणि एवढं करून धुणं सुटत नाही. कोटिंगमुळे पाणी घरंगळून जातं, धूळ कमी चिकटते, पक्ष्यांची घाण रंगात लगेच भिनत नाही. हे फायदे खरे आहेत. पण ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा ते अडवत नाही, आणि चुकीच्या फडक्याने पडणारे ओरखडेही पूर्ण थांबवत नाही. म्हणजे महिन्याचे 1,100 चालूच राहणार, त्यावर हा खर्च. जुनी गाडी विकताना भाव ठरतो तो किलोमीटर, सर्व्हिसचे कागद, अपघाताचा इतिहास आणि कितवा मालक यावर. चमकेला थोडा मान मिळतो, 40,000 चा नाही.

आता तो फडका, कारण गाडीचं खरं नुकसान तिथे होतंय. पहाटे येणारा मुलगा काय करतो ते एकदा गॅलरीतून बघा. एका फडक्याने टायर, त्याच फडक्याने दरवाजे, मग तोच पिळून बॉनेटवर गोल गोल. रात्रभर बसलेल्या धुळीत बारीक वाळू असते, ती रंगावर घासली जाते. रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली गडद रंगाची जुनी गाडी उभी करा, दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतील. त्या या पुसण्याच्या. यात त्या मुलाचा दोष नाही. त्याला 1 तासात 10 गाड्या उरकायच्या असतात आणि पाणी अर्धी बादली मिळतं. त्याला काढून 600 वाचवा असं मी म्हणणार नाही. 2 मायक्रोफायबर कापड तुम्ही द्या, एक फक्त चाकांसाठी, आणि सांगा की गाडी कोरडी पुसायची नाही. रोजच्या ऐवजी आठवड्यातून 2 दिवस ओलं करून पुसलं तरी चालेल, पैसे तेवढेच द्या.

घरी धुवायला लागतं ते सगळं सियागंजच्या बाजारात किंवा ऑनलाइन 4,000 च्या आत येतं: 2 बादल्या, कार शॅम्पू, धुण्याचा मऊ मिट (हातमोजा), जाड मायक्रोफायबर टॉवेल, एक डबा वॅक्स. एका बादलीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. मिट गाडीवर फिरवला की आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मग शॅम्पूत. वरून खाली यायचं, चाकं शेवटी. भांड्यांचा साबण वापरू नका, तो वॅक्स उतरवतो. ऊन अंगावर असताना धुवू नका, शॅम्पू वाळून डाग पडतो.

आपल्याकडे पाण्याचा विचार वेगळा करावा लागतो. इंदूरला नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर पंपाने चढवून येतं, ते गाडीवर ओतायला माझं मन धजत नाही. बोरिंगचं वापरा, पण ते जड असतं. धुवून लगेच सावलीत टॉवेलने टिपलं नाही तर क्षारांचे पांढरे ठिपके बसतात, आणि ते घालवायलाच लोक पुढे डिटेलिंगवाल्याकडे पैसे भरतात. आरओचं वाया जाणारं पाणी अनेक घरांत गाडीसाठी साठवतात. त्यात क्षार आणखी वाढलेले असतात. फ्लोअर मॅट आणि चाकांना ते चालेल, बॉनेटला नको. प्रेशर वॉशर मिनिटाला 6 लिटरच्या आसपास पाणी घेतो, 20 मिनिटं चालला की 120 लिटर. बादल्यांनी 50-60 लिटरमध्ये काम होतं.

पॉलिशचं मशीन तर यादीतून कायमचं काढा. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण 40-50 मायक्रॉनचा, आणि मशीन दरवेळी त्यातलाच थोडा खरवडून चमक काढतं. नव्या गाडीला त्याची गरजच नाही. नो-कॉस्ट ईएमआयबद्दल एवढंच: व्याजाइतकी सूट दाखवतात, पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याकडूनच जाते.

मिस्टरांना सांगा, 3 महिने दर दुसऱ्या रविवारी बादल्यांनी गाडी धुवा. टिकलं तर फोम वॉश बंद, वर्षाचे 6,000 तिथेच वाचले. त्याच वाचलेल्या पैशातून पुढच्या वर्षी वॉशर किंवा व्हॅक्यूम रोखीने घ्या, खुशाल घ्या. नाही टिकलं तर 4,000 गेले, 27,500 नाही. हौस खोटी आहे असं मी म्हणत नाही. दीड तास लागतो, पाठ दुखते, आणि मार्च-एप्रिलमध्ये तुमच्या पेपर तपासणीच्या दिवसांत रविवार कुणाला मोकळा मिळतो, हे तुम्ही दोघंच जाणता.

मला जास्त काळजी तुमच्या एफडीची वाटते. कर्जाचा हप्ता 16,800 येईल, म्हणजे महिन्याला 61,800 लागणार. 1,20,000 तुम्हाला 2 महिनेही पुरणार नाहीत. कोटिंगचे वाचलेले 672 आणि पुढे फोम वॉशचे 500 मिळून एक आरडी सुरू करा आणि पगारवाढ झाली की ती वाढवा. एफडीला हात लावू नका.

गाडीवर खर्च करायचाच असेल तर विम्यात झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर घ्या. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर 50 टक्के घसारा कापतात, आणि बंपर प्लास्टिकचाच असतो. विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरून 2 कोटेशन आणा, भाव कमी होतो.

आता लगेच करायचं काम. शोरूमकडून कोटिंग वगळलेलं नवं प्रोफॉर्मा इनव्हॉइस (विक्रीआधीचं बिल) मागा आणि बँकेच्या मंजुरीपत्रात रक्कम 8,32,000 नसून 8,00,000 आहे हे सहीच्या आधी बघा. ‘पॅकेज आता निघत नाही’ असं म्हणाले तर तेच ईमेलवर लिहून मागा. आणि डिलिव्हरीच्या सकाळी गाडी कोरड्या फडक्याने पुसू नका, हेही त्याच ईमेलमध्ये लिहा.