टॅकची गोळी आणि कॅन्सर: भावाची गोळी कमी करायच्या आधी हे वाचा

ताई, तुमचं म्हणणं असं की भावाची किडनी बदलून चार वर्षं झाली, कुठंतरी वाचलं की प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्यांनी कॅन्सर वाढतो, आणि आता तो म्हणतोय टॅक (म्हणजे टॅक्रोलिमस, अंगानं नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायची गोळी) दोनऐवजी एकच वेळ घेतो. तसं अजिबात करू देऊ नका. हा शहाणपणा मी करून बसलोय. आईची किडनी आहे माझ्यात, अकरा वर्षं झाली. तिसऱ्या वर्षी असंच काहीतरी वाचलं आणि गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसात पंधरा दिवस संध्याकाळची गोळी घेतलीच नाही, घरात कुणाला कळू दिलं नाही. तब्येत एकदम टकाटक वाटत होती. रक्तातलं क्रिएटिनिन, किडनी बिघडली की वाढतं ते, १.३ चं २.४ झालं तेव्हा कळलं, मग पुण्याला बायोप्सी, अंग किडनी नाकारत होतं म्हणून तीन दिवस स्टेरॉइडची इंजेक्शनं, आणि आईचं एक अक्षर न बोलणं, ते सगळ्यात वाईट.

पण त्यानं वाचलंय ते खोटं नाही. अमेरिकेत पावणेदोन लाख ट्रान्सप्लांटचा डेटा तपासला होता, २०११ मधे आला, त्यात कॅन्सरचं प्रमाण इतर लोकांच्या साधारण दुप्पट निघालं. कारण आपली प्रतिकारशक्ती नुसतं सर्दीतापाशी भांडत नाही, बिघडलेल्या पेशी पण वेचून काढते, आणि काही व्हायरस दाबून ठेवते जे मोकळे सुटले की लिम्फोमासारखे (लसिका ग्रंथींचे) कॅन्सर होतात. स्कॉटलंडची एक केस मला अजून आठवते. एका बाईचा मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर, १९८२ ला काढलेला, पूर्ण बरी समजलेली, १९९८ ला ती मेंदूतल्या रक्तस्रावानं गेली आणि दोन्ही किडन्या दोघांना दिल्या. दोघांनाही तोच मेलॅनोमा झाला! म्हणजे १६ वर्षं त्या पेशी तिच्या अंगात गप पडून होत्या. एक जण गेला, दुसऱ्याची किडनी काढून गोळ्या बंद केल्या, तो वाचला. त्याची किडनी मात्र गेलीच ना, हे तुमच्या भावाला नीट ऐकवा.

गोळ्या कमी केल्यावर गाठी विरघळल्या हे पण खरंय, स्टार्झल म्हणून मोठे सर्जन होते, त्यांनी १९८४ मधे लिम्फोमाच्या पेशंटमधे ते दाखवलं. पण ते पेशंट आधीच आजारी होते आणि डोस डॉक्टरांनी मोजून मापून कमी केला, घरी बसून कुणी ठरवला नव्हता.

आता तुम्ही विचारलेली दुसरी गोळी, सिरोलिमस. ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून निघालेलं औषध, त्यावर काम केलं ते आपले सुरेंद्रनाथ सेहगल यांनी. ही प्रतिकारशक्ती दाबते पण गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या नसा पण वाढू देत नाही, उंदरांवर २००२ ला दिसलं, मग २००५ ला इटलीत कापोसी सार्कोमाच्या (अंगावर डाग उठतात असा एक कॅन्सर) १५ किडनी पेशंटना सायक्लोस्पोरिन ही प्रतिकारशक्ती दाबायची जुनी गोळी काढून सिरोलिमस दिली तर तीन महिन्यांत अंगावरचे डाग गेले. वाचून मी तर लगेच डॉक्टरांकडं पळालो, मला पण हीच द्या म्हणून. ते हसले. २०१४ मधे बऱ्याच ट्रायल एकत्र करून बघितलं तर कॅन्सर कमी, पण मृत्यू जास्त निघाले. शिवाय तोंड येतं, लघवीतून प्रोटीन जातं, जखम लवकर भरत नाही. म्हणून ज्याला आधीच कॅन्सर होऊन गेलाय अशांना विचार करून देतात, सरसकट नाही.

भावाची टॅक लेव्हल, म्हणजे रक्तात टॅक किती आहे ती तपासणी, शेवटची कधी केली? आणि सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त दिलं होतं का? बरेच जण गोळी खाऊन लॅबला जातात आणि मग लेव्हल उगाच जास्त येते. मी गोळी शर्टाच्या खिशात ठेवतो, सात रस्त्याच्या लॅबमधे आठला सुई टोचून झाली की तिथंच पाणी मागून घेतो. लेव्हल खरंच जास्त असेल तर डॉक्टर स्वतःच डोस उतरवतात, चार वर्षांनी सहसा पहिल्या वर्षापेक्षा कमीच चालते.

आणि तंबाखू-सुपारीचा मावा खातो का तो? खात असेल तर गोळी कमी करायच्या आधी ते बंद करा, आपल्या सोलापुरात हे विचारावंच लागतं. उन्हात पूर्ण बाह्या घालायच्या, मानेत काखेत गाठ किंवा न भरणारा फोड दिसला तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवायचं. माझ्या कानावर मागच्या उन्हाळ्यात असाच खडबडीत डाग आला, बायको म्हणाली चामखीळ आहे, तरी काढून तपासला. चामखीळच निघाली, ती अजून ऐकवते.