पहिली बग्गी: आधी सांगाडा, मग विंच

मित्रा, तू स्वतः बनवतोयस त्या बग्गीला, म्हणजे खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या उघड्या छोट्या गाडीला, मारुती ८०० चं इंजिन मिळालं हे फार छान झालं. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, आणि सुटे भाग मिळायला सोपे. गिअरबॉक्ससकट उचलून मागे बसव, म्हणजे तेच मागची चाकं फिरवेल.

अडकलेली गाडी दोर गुंडाळत ओढून काढणारं विंच तू विचारलंस, पण ते घ्यायची घाई मात्र करू नकोस. पहिल्या गाडीत बहुतेक जण सांगाड्यातच चुकतात. फर्निचरचा पातळ पाइप आणतात आणि एकेक जोड लगेच पक्का वेल्ड करतात. उष्णतेनं सांगाडा पिळतो, मग चाकं काही केल्या सरळ बसत नाहीत. आधी सगळीकडे नुसते टाके मार, म्हणजे वेल्डिंगचे छोटे ठिपके, सांगाड्याचे दोन्ही कर्ण मोज, जुळले की मगच पूर्ण वेल्डिंग. रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर माणसांना वाचवणारा पाइपांचा पिंजरा, तरी अनुभवी वेल्डरकडूनच करून घे, इथे पैसे वाचवू नकोस.

विंचचं सध्या एवढंच:

- क्षमता माणसं-सामानासह वजनाच्या किमान दीडपट. ६०० किलोला ९०० किलो. चिखलात जायचं तर त्याहून जास्तच.
- मुख्य सांगाड्याला बोल्ट कर, बंपरला नाही.
- ओढताना इंजिन चालू ठेव, नाहीतर बॅटरी बसते.
- दोर गुंडाळतो त्या ड्रमवर निदान पाच वेढे राहू देत.

विंचच्या ताणलेल्या वायर रोपजवळ (तारेच्या दोराजवळ) कुणालाही उभं राहू देऊ नकोस. तुटली तर चाबकासारखी उलटते. रोपच्या मधोमध जाड घोंगडी टाकायची, प्रत्येक वेळी.

सस्पेन्शनचं नंतर बोलू. गाडी शेतातच चालव, रस्त्यावर नको. टाके मारून झाले की कर्णाची मापं कळव.