चॅनल ३ रिकामा दिसतो, पण असतो का?

प्रश्न : आमच्या तीन मजली ऑफिसात दर मजल्यावर दोन वायफाय राउटर आहेत, शिवाय झिगबीवर (छोट्या उपकरणांसाठीचं कमी विजेचं वायरलेस) चालणारे तापमानाचे सेन्सर आणि ब्लूटूथ हेडफोन. स्पीड मिळावा म्हणून २.४ गिगाहर्ट्झवर सगळे राउटर ४० मेगाहर्ट्झ आणि फुल पॉवरवर ठेवले, गर्दी नको म्हणून काही चॅनल ३ आणि ८ वर नेले. तरी नेट अडखळतं, सेन्सर मधेच गायब होतात. अजून राउटर लावू का?

उत्तर : नका लावू, त्याने त्रास वाढेलच. तुमच्याकडे राउटर भरपूर आहेत, कमी पडतेय ती हवेतली जागा. २.४ गिगाहर्ट्झचा अख्खा बँड, म्हणजे लहरींचा पट्टा, जेमतेम ८३ मेगाहर्ट्झचा; चॅनल म्हणजे त्यातला एकेक तुकडा, त्यात ४० चा एक चॅनल म्हणजे जवळजवळ अर्धा बँड एकट्यालाच. आधी सगळे २० वर आणा.

आता चॅनल ३ चं बघा, कारण मला वाटतं खरी गोम इथेच आहे. चॅनल ५-५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर असतात पण प्रत्येकाची रुंदी २०, त्यामुळे ३ वाला १ आणि ६ दोघांच्याही अंगावर येतो. दोन राउटर एकाच चॅनलवर असले की निदान एकमेकांचं ऐकतात, एक बोलताना दुसरा थांबतो, हळू होतं पण काम होतं. अर्धवट चढलेल्या चॅनलवरचं बोलणं मात्र कळतच नाही, तो नुसता गोंगाट, आणि राउटर ओळखीच्या सिग्नलला उणे ८२ डीबीएमलाच (सिग्नलची ताकद मोजायचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितका जोर जास्त) थांबतो पण असा गोंगाट उणे ६२ च्या वर गेल्याशिवाय थांबत नाही, म्हणजे १०० पट जास्त सहन करून वर स्वतःही बोलत सुटतो, मग दोघांचंही पॅकेट (डेटाचा तुकडा) वाया आणि दोघंही परत पाठवणार. म्हणून १, ६, ११ एवढेच वापरा, वरखालच्या मजल्यांवर एकाच जागी तोच चॅनल येऊ देऊ नका, आणि पॉवर कमी करा म्हणजे तोच चॅनल लांबच्या कोपऱ्यात पुन्हा वापरता येईल.

जुना १ एमबीपीएसचा (सेकंदाला १० लाख बिट) रेट कोणाला लागत नसेल तर बंद करा. १५०० बाइटचं पॅकेट त्या रेटला १२ मिलिसेकंद हवा अडवतं, ५४ ला पाव मिलिसेकंदसुद्धा नाही! लॅपटॉप-फोन ५ गिगाहर्ट्झवर न्या.

ब्लूटूथ आणि झिगबीही याच बँडवर चालतात. ब्लूटूथची काळजी नको, ते सेकंदाला १६०० वेळा उडी मारतं आणि गर्दीचे चॅनल स्वतःच टाळतं. सेन्सर बिचारे एकाच चॅनलवर बसलेले, आवाज वायफायपेक्षा कितीतरी बारीक. त्यांना झिगबी चॅनल २५ द्या, तो वायफायच्या ११ च्या पलीकडे २४७५ मेगाहर्ट्झवर आहे. फक्त हे सगळ्यात शेवटी करा, वायफायचे चॅनल पक्के झाल्यावरच, कारण झिगबीचा चॅनल बदलला की काही सिस्टिममध्ये एकेक सेन्सर हाताने परत जोडावा लागतो.