मुत्सद्देगिरी, सौम्य शक्ती आणि मधले ‘साधन’

प्रश्न असा आला आहे: “‘आर्थिक मुत्सद्देगिरी हे देशाच्या सौम्य शक्तीचे प्रभावी साधन आहे’ असे वाक्य वाचले. मुत्सद्देगिरी म्हटले की कावेबाजपणा आठवतो. त्याऐवजी ‘राजनय’ म्हणावे का? आणि ‘सौम्य शक्ती’ कितपत बरोबर?”

कावेबाजपणाची छटा आहे खरी, पण ती मागाहून चिकटली. ‘मुत्सद्दी’ अरबीतून फारसीमार्गे आला. मूळ अर्थ, एखादे काम अंगावर घेणारा. मोगल अमदानीत सुरत बंदराचा कारभार ज्याच्या हाती असे, तो अधिकारी मुत्सद्दीच. मराठीतही दफ्तरातले लिहिणे-हिशेब पाहणाऱ्याला हा शब्द होता. परदरबारी बोलणी करायला जाई तो वकील. दूतावासाला ‘वकिलात’ म्हणतात ते त्यावरूनच. जकात आणि हिशेब यांच्याशी ज्याचे इतके जुने नाते, त्या मुत्सद्द्याला ‘आर्थिक’ हे विशेषण परके कसे वाटेल? ‘राजनय’ चूक नाही. पाठ्यपुस्तकात शोभतो, बातमीत निम्मे वाचक अडखळतील.

‘सौम्य शक्ती’ चालेल. फक्त ‘सत्ता’ नको. ‘महासत्ता’ म्हणजे देश, आणि इथे देशाच्या अंगचा गुण सांगायचा आहे.

मला खटकतो तो ‘साधन’. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ जोसेफ नाय यांनी १९९० मध्ये सॉफ्ट पॉवरची, म्हणजे या सौम्य शक्तीची, कल्पना मांडली, तेव्हा धाक आणि आमिष दोन्ही वेगळे काढले. उरले ते आकर्षण. हा भेद सांगायला आपल्याकडे शब्द तयार आहेत. कौटिल्याचे उपाय चार: साम, दान, भेद, दंड. (बोलण्यात दानाचा ‘दाम’ झाला, आणि व्यवहार पाहता तो काही वाईट झाला नाही.) मदत, स्वस्त कर्ज, व्यापारी सवलत हे सगळे दान. सौम्य शक्ती सामाच्या जवळची.

दानातून साम निपजतही असेल, पण आपोआप नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मार्शल योजनेत अमेरिकेने १९४८ पासून पश्चिम युरोपला सुमारे १३ अब्ज डॉलर दिले. मात्र काय हवे याचा आराखडा १६ देशांनी आदल्या वर्षी पॅरिसला बसून स्वतः केला होता. घेणाऱ्याचा मान राहिला, म्हणून पैसे संपल्यावरही सद्भावना टिकली. उलट श्रीलंकेतले हंबनटोटा बंदर: चिनी कर्जातून उभे राहिले, २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेले, आणि त्याविरुद्ध तिथे लोक रस्त्यावर उतरले. याला आर्थिक मुत्सद्देगिरी खुशाल म्हणा. सौम्य शक्ती मात्र म्हणवत नाही.

तेव्हा वाक्य असे करावे: ‘आर्थिक मुत्सद्देगिरीतून देशाची सौम्य शक्ती वाढू शकते.’ त्यातला ‘शकते’ तेवढा जपा. जागा कमी पडली की उपसंपादक पहिली कात्री त्यालाच लावतो.